पोथी कुठवर आली?

(दृश्य : बेळगाव, शहापूर. पाऊस नुकताच थांबलाय. पन्हळीतून पाणी गळतंय. जुन्या घराचा उंबरा, बाहेर चपला.)

उंबऱ्याबाहेर चपलांचे चौदा जोड आहेत. त्यातले तीन तांबड्या चिखलानं भरलेले. ही माणसं खानापूरकडनं आलीत, मातीवरनं कळतं. आत सोप्यावर सतरंजी अंथरलीय आणि मध्ये एक लांबट वही पडलीय, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारी मांडतात तसली. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी साडेचारला, ती या घरात उघडते, आणि या वाचणाऱ्यांच्या बैठकीवरच हा माहितीपट आहे.

घरच्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. सगळे त्यांना बाईच म्हणतात, त्यांचे पन्नाशीतले माजी विद्यार्थीसुद्धा. चष्मा पुसून झाला की त्या विचारतात,

"हं, कोण काय वाचायलंय?"

काय वाचलं, हे त्या विचारत नाहीत. काय वाचायलंय, हेच विचारतात. पुस्तक अजून उघडं आहे, बोट अजून पानात आहे. संपवलेलं पुस्तक घेऊन आलात तरी कुणी उठवत नाही. पण या सोप्यावर मान अर्धवट पुस्तकाला आहे.

मला याचं कारण कळायला तीन रविवार लागले. पुस्तक संपवलेला माणूस निकाल सांगतो. छान आहे, ठीक आहे, शेवट फसलाय. ऐकणारा मान हलवतो आणि विषय तिथं मिटतो. अर्ध्यावर असलेल्या माणसाला निकाल देता येत नाही. तो कुठं उभा आहे, समोर काय दिसतंय आणि कुठं ठेच लागली एवढंच सांगतो. मग ऐकणाऱ्याला वाटतं, आपणही तिथवर जाऊन बघावं.

(दृश्य : नळावर लावलेल्या घागरी. दूरवर देवळाची घंटा.)

हा प्रश्न आमच्याकडे तसा जुनाच. माझ्या लहानपणी श्रावण लागला की गल्लीत एका घरी पोथी लागायची. कधी शिवलीलामृत, कधी हरिविजय, एखाद्या वर्षी पांडवप्रताप. वाचणारा एक, ऐकणाऱ्या पंधरा-वीस. हरिविजयाचे अध्याय ३६, पांडवप्रतापाचे ६४. एका बैठकीत संपणारी गोष्टच नव्हे. जिला एखाद्या दिवशी जमलं नाही, ती दुसऱ्या दिवशी नळावर घागर लावता लावता विचारायची, "पोथी कुठवर आली गं?" आणि घागर भरेपर्यंत तिला सगळं कळायचं. कृष्ण अजून गोकुळात आहे की निघाला. गोष्ट तर सगळ्यांची पाठ होती. तरी विचारायच्या, कारण बाकीच्या जिथं पोचल्यात तिथं आपणही असावं असं वाटायचं.

बाईंच्या वहीत रकान्याचं नाव तेच आहे. "कुठवर".

(दृश्य : वहीचं पान, जवळून. पट्टीनं ओढलेल्या रेघा. निळी, काळी, एका ठिकाणी हिरवी शाई.)

आधी चार रकाने होते. तारीख, नाव, पुस्तक, कुठवर. पाचवा नंतर वाढवला : "काय अडलं". वहीचा खरा जीव या पाचव्या रकान्यात आहे. कुणी लिहिलंय, "चारशे पानांत चारशे माणसं. घरातल्यांची नावं वेगळ्या कागदावर लिहून घेतली." कुणी लिहिलंय, "सासूचं काम चांगलं रंगवलंय, पण मला राग येतो, म्हणून रोज दोनच पानं." एका पानावर फक्त, "परीक्षा होती." आणि एका ठिकाणी, थरथरत्या अक्षरात, "हे गेल्यापासून वाचलं नाही. उद्यापासून."

त्या ओळीखाली पुढच्या महिन्याच्या नोंदीत त्याच अक्षरात एक पुस्तक आहे. कुठवर? पान ६.

(दृश्य : सतरंजीवर उघडी पुस्तकं. हात.)

पुस्तक उघडलं की आतनं काहीतरी पडतं. खुणेला माणसं काय काय ठेवतात, हे बघण्यासारखं आहे. लग्नपत्रिकेची कापलेली पट्टी. गोळ्यांच्या पाकिटाचा चांदीचा कागद. वाळून जाळी उरलेलं पिंपळाचं पान. विजेचं बिल, घडी घालून. सुतळीचा तुकडा, त्याला अजून रताळ्याच्या पोत्याचा वास. आणि सगळ्यात जास्त, बसची तिकिटं. कन्नड अक्षरांची तिकिटं, मराठी पानांत. काही पुस्तकांत तीन-तीन, चार-चार. कोण किती फेऱ्यांत कुठवर वाचून पोचलं, त्याचा हिशेबच तो.

सुतळीवाले मामा कडोलीकडचे. बटाटा आणि रताळी करतात. त्यांच्या हातात जी. ए. कुलकर्णींचं 'काजळमाया' आहे. वहीत मार्चची नोंद : 'विदूषक', पान दुसरं. एप्रिल : 'विदूषक', पान दुसरं. मे : तेच.

"मामा, कळतंय का?"

"न्हाई."

"मग सोडा की."

"सोडवत न्हाई बघा."

जी. ए. शिकले बेळगावात आणि अनेक वर्षं धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं. फारसं कुणात मिसळले नाहीत. पण धारवाडहून पुण्याला सुनीताबाई देशपांड्यांना त्यांनी लिहिलेली पत्रं वाचा. सध्या काय वाचतोय, त्यात काय सापडलं, हे सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. दार लावून बसणाऱ्या माणसालाही या एका गोष्टीसाठी खिडकी लागली. ही पत्रं मला त्यांच्या कथांइतकीच जवळची आहेत.

मामांचं पान कसं हललं, तेही सांगते. जूनच्या रविवारी बाई म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा." मामा लाजले. मग वाचायला लागले, अडखळत, बोट ओळीखाली धरून. एक परिच्छेद झाला आणि दोघं-तिघं एकदम बोलायला लागली. एकाला तो दरबार वाटला, एकीला तमाशाचा फड. अर्धा तास त्या एका पानावर गेला. जुलैची नोंद आहे, पान पाचवं. पाचव्या रकान्यात मामांनी लिहिलंय, "अजून कळत नाही. पण आता एकटा नाही."

(दृश्य : शेताच्या बांधावरून जाणारी वाट. कडोलीची वेस.)

याच कडोलीत हिवाळ्यात मराठी साहित्य संमेलन भरतं. उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, सांबरा, तिकडे खानापूर तालुक्यात माचीगड, निपाणीकडे कारदगा, गावोगावी ही संमेलनं होतात. गावकरी स्वतः मांडव घालतात. सकाळी ग्रंथदिंडी, पालखीत ज्ञानेश्वरी, लेझीम खेळणारी पोरं. बेळगाव शहरात १९४६ साली माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संमेलन झालं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. १९५६ साली राज्यांची रेघ पडली, आम्ही पलीकडे राहिलो, आणि भाषा हा आमच्याकडे कायमचा मोठ्या आवाजातला विषय झाला.

ती संमेलनं मला मनापासून प्रिय आहेत. मी लहानपणी दिंडीत चाललेय. पण एक रुखरुख आहे. व्यासपीठावरून मराठी वाचा, मराठी जगवा, असं आम्हाला खूप जणांनी सांगितलं. बाळ, तू सध्या काय वाचतेस, असं मांडवात बसलेल्या मला कुणी विचारलं नाही. माझ्या शाळेत गोष्टींच्या पुस्तकांचं एक कपाट होतं. काचेतनं पुस्तकांच्या पाठी दिसायच्या. किल्ली कुणाकडं आहे, हे मला दहावीपर्यंत कळलं नाही. त्या पाठींवरची नावं मला अजून क्रमानं सांगता येतात.

म्हणून बाईंच्या घरात कपाटच नाही, ते मला फार आवडलं. पुस्तकं सतरंजीवर असतात. काही शहरातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयातली, काही कुणाचा भाचा कोल्हापूरहून येताना पिशवीतनं आणतो ती. कव्हराला कॅलेंडरचा जाड कागद.

(दृश्य : दोन माणसं समोरासमोर. दोघांच्या हातात एकच पुस्तक, दोन लिप्यांत.)

आता ही दोघं बघा. ती औषधाच्या दुकानात कामाला आहे. घरी मराठी, शाळा पहिलीपासून कन्नड. मराठी बोलते झरझर, वाचते सावकाश. ते निवृत्त पोस्टमन, त्यांनाही सगळे मामाच म्हणतात. ती भैरप्पांचं 'पर्व' कन्नडमध्ये वाचायलीय, ते मराठीत. महाभारताची ही कादंबरी मद्रदेशाच्या म्हाताऱ्या शल्यापासून सुरू होते.

"मामा, तुम्ही कुठं?"

"मी अजून मद्रातच हाय की. तू?"

"मी कुंतीकडं आले."

"थांब मग जरा, मला येऊ दे."

पानांचे आकडे दोघांचे जुळत नाहीत. कन्नड प्रत वेगळी, मराठी वेगळी. म्हणून ती दोघं प्रसंगावर बोट ठेवतात. ती एक वाक्य कन्नडमध्ये वाचते, मामा तेच मराठीत शोधून वाचतात. तिच्या वाक्यात "तायि" येतं, मामांच्या वाक्यात "आई". सोप्यावर कुणालाही अर्थ सांगावा लागत नाही. मधूनच मामा म्हणतात, "तुझ्यातलं वाक्य कडक आहे गं, माझ्यात जरा मऊ झालंय." मग ती तिचं परत वाचते. मग दोघं गप्प बसतात.

हे मराठी 'पर्व' ज्यांनी केलं, त्या उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून दाखवत आणि त्या ऐकून मराठीत लिहीत. म्हणजे या कादंबरीचं मराठी रूपही एका घरात, एकानं वाचून आणि दुसरीनं ऐकून तयार झालं. मामांना हे कळलं तेव्हा ते त्या मुलीला म्हणाले, "मग आपण बरोबरच करायलोय."

एरवी आमच्या भागात कन्नड आणि मराठी ही नावं शेजारी आली की पाटी, फलक, मोर्चा हे शब्द मागोमाग येतात. ती दुखणी खरी आहेत. माझ्या घरातही आहेत. पण या दोघांना एका वाक्यासाठी एकमेकांची भाषा हवी असते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते दाखवायला मिळालं म्हणून हा माहितीपट केला.

(दृश्य : बाईंचा हात, मऊ पडलेलं पुस्तक. कणा धाग्यानं शिवलेला.)

बाई स्वतः प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' वाचतायत. कितव्यांदा, ते त्या सांगत नाहीत. महिन्याला एकच कथा. आई-वडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा लंपन त्यात आहे. त्याच्या तोंडची बोली वाचली की गाव कुठलं, हे आम्हाला सांगावं लागत नाही. संत पुढं कराडला भूगर्भशास्त्र शिकवत होते. पण कान इथंच राहिला होता. त्यांच्या आई, कवयित्री इंदिरा संत, बेळगावातच राहिल्या, इथंच शिकवत राहिल्या.

बाईंच्या पाचव्या रकान्यात दर महिन्याला एक ओळ असते. या महिन्यात लिहिलंय, "इतक्या वेळा वाचलं, आजोबांचं गप्प बसणं आज दिसलं."

(दृश्य : दिवे लागलेत. लोक उठतायत.)

तांबड्या चिखलाच्या चपला घालणाऱ्यांत एक सातवीतला मुलगा आहे. जांबोटीच्या पुढचं गाव. तिथं पावसात दिवस दिवस वीज नसते. तो आजीला 'श्यामची आई' वाचून दाखवतो, कंदिलाच्या उजेडात. आजीला अक्षरओळख नाही. साने गुरुजींच्या पुस्तकात प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय, रात्र पहिली, रात्र दुसरी. आजी त्याला अध्यायच म्हणते. शेजारणीला सांगते, "आमचा आठवा अध्याय झाला."

वहीत या घराच्या दोन ओळी असतात. एक मुलाची. खालची आजीची, मुलाच्याच अक्षरात. तिथं पुस्तकाच्या नावापुढं लिहिलेलं असतं, "ऐकून".

शेवटची बस साडेसातची आहे. तो घाईघाईनं वहीवर वाकतो. आधी स्वतःचं लिहितो : रात्र नववी, मोरी गाय. काय अडलं? "आजीने दोनदा वाचायला लावलं. आमची पण एक गाय होती म्हणे, ती मला माहीत नव्हती."

मग आजीची ओळ. तिनं काय सांगितलंय ते आठवायला जरा थांबतो. पेन्सिलीचं टोक ओठाला. आणि लिहितो,

"दुसऱ्यांदा ऐकताना डोळा लागला. गाय मेली तिथपासून परत वाचायचं."

(दृश्य : वही बंद होते. बाहेर पुन्हा पावसाची सर. चपलांचे दोन जोड उरलेत.)