मानेवरचा काळा पट्टा

(दादरला पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

आई मुलाला घेऊन ओपीडीत येते आणि खुर्चीत टेकायच्या आधीच सांगते, "डॉक्टर, कितीही घासा, याच्या मानेचा काळेपणा जातच नाही." बेसन-दही लावून झालेलं असतं, लिंबू चोळून झालेलं असतं. एका आईने तर पाय घासायच्या वजरीने घासलं होतं, मान सोलवटली होती पोराची. त्या मानेवर मळ नसतोच. रक्तात इन्शुलिन सतत वाढलेलं राहिलं की मानेच्या घडीतली त्वचा अशी जाड, मखमलीसारखी आणि काळी होते. लठ्ठ मुलाच्या मानेवर असा पट्टा दिसला की लिव्हरमध्ये चरबी साठली आहे का, म्हणजे फॅटी लिव्हर आहे का, हे बघायला मी एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करायला सांगते. रिपोर्टवर छापलेली एसजीपीटीची मर्यादा बहुधा चाळिसाच्या आसपास असते. मुलांसाठी ती सैल आहे. मुलग्यांमध्ये २६ आणि मुलींमध्ये २२ च्या वर आकडा गेला की मी थांबून विचार करते.

लालबागच्या एका एकत्र कुटुंबातला दहा वर्षांचा मुलगा माझ्याकडे यायचा. त्याला फॅटी लिव्हर. त्याच घरातला चुलतभाऊ अंगाने तेवढाच, पण त्याचं लिव्हर स्वच्छ. आजीने विचारलं, "एकाच पातेल्यातलं खातात की दोघं, मग असं कसं?" फार नेमका प्रश्न होता. आणि तो विचारला जात असताना मुलाची आई खाली मान घालून बसली होती, कारण घरात ठपका तिच्यावरच आला होता.

या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग २००८ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये सापडला. आपल्या बाविसाव्या गुणसूत्रावर पीएनपीएलए३ नावाचं जनुक आहे. त्यातलं एकच अक्षर बदललं तर लिव्हरमध्ये चरबी साठण्याची शक्यता वाढते. लिव्हरच्या पेशीत चरबीचे थेंब असतात. ते फोडणारं एक एन्झाइम असतं आणि त्याला हाताशी एक मदतनीस प्रथिन लागतं. बदललेल्या जनुकातून तयार झालेलं प्रथिन थेंबावर चिकटून बसतं, पेशीला त्या प्रथिनाचा निचरा करता येत नाही, आणि ते या मदतनिसालाच अडकवून ठेवतं. थेंब फुटत नाही, साचत जातो. हा बदल आईकडून एक, वडिलांकडून एक असा येऊ शकतो. दोन्हीकडून आला तर धोका जास्त. चुलतभावांचे आईवडील वेगळे, तेव्हा वाटाही वेगळा.

दुसरं जनुक टीएम६एसएफ२. लिव्हर चरबी बांधून रक्तात पाठवतं. या जनुकात बदल असेल तर माल गोदीतच पडून राहतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल चांगलं दिसतं आणि लिव्हर भरत जातं, म्हणून नुसत्या लिपिड प्रोफाइलवर निर्धास्त होऊ नका. जीसीकेआर या तिसऱ्या जनुकातला बदल साखरेची चरबी करण्याचा वेग वाढवतो. आणि एचएसडी१७बी१३ या जनुकातला एक बदल उलट लिव्हरला जपतो, तेही कुणाच्या तरी वाट्याला येतंच.

आता ज्यासाठी मी आज इथे उभी आहे ते सांगते. अमेरिकेतल्या हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुलांवरचा २०१० चा अभ्यास आहे. पीएनपीएलए३ चा बदल दोन्हीकडून आलेल्या मुलांमध्ये आहारातली साखर जितकी जास्त, तितकी लिव्हरमधली चरबी जास्त होती. इतर मुलांमध्ये हे नातं दिसलं नाही. म्हणजे टेट्रापॅकमधला तोच आंब्याचा ज्यूस, पाच-सहा चमचे साखरेचा, एका भावाला चालून जातो आणि दुसऱ्याच्या लिव्हरवर बसतो. पण पुढच्याच वर्षी मोठ्या माणसांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की वजन उतरल्यावर लिव्हरमधली चरबी सर्वांत जास्त घटली ती हाच बदल दोन्हीकडून घेऊन आलेल्यांची! आईबापांनो, हे घरी जाऊन आजी-आजोबांनाही सांगा.

२०१९ मध्ये फॅटी लिव्हर असलेल्या ४० मुलग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या-अर्ध्यांच्या घरात वरून घातलेली साखर जवळजवळ बंद केली, आणि ती अख्ख्या घरासाठी. आठ आठवड्यांत लिव्हरमधली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. एका पोराला वेगळं ताट वाढून हे जमलं नसतं.

जनुकाची तपासणी करायची का, हे सगळेच विचारतात. सरसकट नको, उपचार त्याने बदलत नाहीत. घरात कुणाला मधुमेह, कुणाला सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होण्याचा आजार, होतं, एवढं नीट आठवून आलात तरी मला पुष्कळ कळतं. एक अपवाद मात्र कळकळीने सांगते. मूल बारीक आहे आणि तरी फॅटी लिव्हर निघालं, तर विल्सनचा आजार तपासल्याशिवाय सोडू नका. त्यात एटीपी७बी जनुकाच्या दोषामुळे तांबं लिव्हरमध्ये साठतं. वेळेत कळलं तर औषधाने आटोक्यात राहतं, आणि भावंडांचीही तपासणी करावीच लागते.

लालबागच्या त्या मुलाच्या आईवडिलांनाही मी सोनोग्राफी करायला लावली. आईचं लिव्हर ठीक होतं. वडील सडसडीत, रोज लोकल पकडून कामाला जाणारे, लिव्हर मात्र चरबीने भरलेलं. आजी रिपोर्ट हातात धरून बराच वेळ सुनेकडे बघत राहिल्या. पुढच्या खेपेला त्यांनीच सांगितलं, "चहात साखर आता कुणालाच नाही, मलासुद्धा."