व्हिक्टोरिया: सहा केबलचं अंतर आणि उघडी दारं

श्रोतेहो, नमस्कार.

२२ जून १८९३, गुरुवार. ब्रिटनच्या भूमध्य आरमारातल्या अकरा मोठ्या युद्धनौका सकाळी बैरूतहून निघाल्या होत्या आणि त्रिपोलीला नांगर टाकणार होत्या. त्रिपोली म्हटल्यावर आपल्याला लिबियातलं शहर आठवतं. हे त्रिपोली आजच्या लेबनॉनमधलं. भर दुपार, हवा स्वच्छ, समुद्र शांत. साडेतीन वाजून गेल्यावर डाव्या रांगेच्या अग्रभागी असलेली ‘कँपरडाऊन’ उजव्या रांगेच्या अग्रभागी असलेल्या ‘व्हिक्टोरिया’वर आदळली. पंधरा मिनिटांच्या आत व्हिक्टोरिया उलटी होऊन तळाला गेली. ३५८ माणसं दगावली, ३५७ वाचली. म्हणजे बोटीवरची जवळजवळ निम्मी माणसं गेली.

ही हकिगत सहसा एका वाक्यात सांगतात: ॲडमिरलचा हिशेब चुकला आणि बोट बुडाली. यातला पहिला भाग खरा आहे. हिशेबाच्या चुकीमुळे टक्कर झाली. पण टक्कर झाली म्हणून बोट बुडालीच पाहिजे, असं नसतं. आज या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहू.

आधी हिशेब. ताफ्याचे प्रमुख होते व्हाइस ॲडमिरल सर जॉर्ज ट्रायन, आणि ते व्हिक्टोरियावर होते. उजव्या रांगेत सहा बोटी होत्या. डाव्या रांगेत पाच, आणि त्यांचे प्रमुख रिअर ॲडमिरल मार्कहॅम कँपरडाऊनवर. दोन्ही रांगा समांतर, वेग आठ-नऊ नॉट, म्हणजे ताशी आठ-नऊ सागरी मैल. ट्रायन यांचा बेत असा, की दोन्ही रांगांनी एकमेकींच्या दिशेने, म्हणजे आतल्या बाजूला वळायचं, पुरतं मागे फिरायचं आणि जवळजवळ येऊन नांगरायच्या जागेकडे जायचं.

आरमारात अशी अंतरं केबलमध्ये मोजतात. एक केबल म्हणजे सागरी मैलाचा दहावा भाग, ढोबळमानाने दोनशे यार्ड. एवढी अवजड बोट मोटारीसारखी जागच्या जागी वळत नाही. सुकाणू फिरवल्यावर ती मोठं अर्धवर्तुळ काढते. या बोटींना नेहमीच्या सुकाणूवर मागे फिरायला साधारण आठशे यार्ड, म्हणजे चार केबल रुंदीची जागा लागायची. दोघी आत वळणार, म्हणजे चार अधिक चार, आठ केबल. त्यात वळून झाल्यावर दोन रांगांमध्ये सुरक्षित अंतर हवं, त्याचे दोन केबल. एकूण दहा. ट्रायन यांनी रांगांमधलं अंतर ठेवायला सांगितलं सहा केबल.

घरातलं उदाहरण घ्यायचं तर चार-चार फुटांच्या दोन फळ्यांचं दार सहा फुटांच्या चौकटीत बसवण्यासारखं हे झालं. फळ्या मध्येच एकमेकींवर चढणार. सुताराच्या हाताखालच्या पोऱ्यालाही हे दिसेल.

आणि इथेही ते दिसलं होतं. दुपारी दोनच्या सुमाराला ट्रायन यांनी हा बेत सांगितला, तेव्हा नौकेची दिशा सांभाळणारे स्टाफ कमांडर हॉकिन्स-स्मिथ म्हणाले, निदान आठ केबल तरी लागतील. ट्रायन यांनी ते मान्यही केलं. आणि थोड्या वेळाने निशाण चढलं ते सहाचंच. त्यांच्या फ्लॅग लेफ्टनंटच्या, म्हणजे निशाणांचं काम पाहणाऱ्या त्यांच्या मदतनीस अधिकाऱ्याच्या हातात कागदाचा एक चिटोरा होता आणि त्यावर ६ हा आकडा होता. सहाच ठेवायचं ना, असं पुन्हा विचारून झालं. उत्तर आलं, सहाच.

इतक्या अनुभवी माणसाने असं का करावं, यावर सव्वाशे वर्षं वाद चालू आहे. काही म्हणतात, वर्तुळाची त्रिज्या आणि व्यास यांची त्यांच्या डोक्यात गल्लत झाली. काहींच्या मते आज्ञेतल्या ‘ताफ्याचा क्रम कायम ठेवून’ या शब्दांत मेख होती: एका रांगेने मोठं वळण घेऊन दुसरीच्या बाहेरून जावं, असं त्यांना अभिप्रेत होतं. मला पहिलं जास्त पटतं. दुसरं खरं असतं, तर व्हिक्टोरियाच्या पुलावर, म्हणजे जिथून बोट हाकतात त्या उंच जागेवर, शेजारी उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांपैकी कुणाला तरी त्यांनी ते बोलून दाखवलं असतं.

निशाणाचं झालं असं. त्या काळी दोरीवर रंगीत झेंडे चढवून आज्ञा द्यायची पद्धत. समोरच्या बोटीने तेच झेंडे आपल्या दोरीवर चढवायचे. पूर्ण वर गेले की अर्थ ‘समजलं’. अर्ध्यावर थांबवले की अर्थ ‘दिसलं, पण समजलेलं नाही’. मार्कहॅम यांनी झेंडे अर्ध्यावरच थांबवले, कारण सहा केबलमध्ये हे वळण बसत नाही, हे त्यांच्याही ध्यानात आलं होतं. तेवढ्यात व्हिक्टोरियावरून सेमाफोरने, म्हणजे हातांच्या खुणांसारख्या इशाऱ्यांनी, विचारणा आली: कशासाठी थांबला आहात? साऱ्या ताफ्यादेखत आलेला हा प्रश्न झोंबणारा होता. मार्कहॅम यांनी शंका गिळली, झेंडे पूर्ण वर गेले आणि दोन्ही बोटींची सुकाणूं फिरली.

वळण अर्ध्यावर आल्यावर काय होणार ते सगळ्यांनाच दिसलं. आतल्या बाजूचा पंखा, म्हणजे बोटीला ढकलणारा पाण्याखालचा प्रोपेलर, उलटा फिरवला तर वळण आखूड होतं. व्हिक्टोरियाचे कॅप्टन बोर्क यांनी त्याची परवानगी मागितली. ती त्यांना दोन-तीनदा मागावी लागली. मिळाली तेव्हा वेळ टळली होती. ३ वाजून ३४ मिनिटांच्या सुमाराला कँपरडाऊनची नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, व्हिक्टोरियाच्या उजव्या कुशीत, तोफांच्या पुढच्या बुरुजाच्या थोडं अलीकडे घुसली.

त्या नाळेबद्दल दोन शब्द. त्या काळच्या युद्धनौकांना पाण्याखाली पोलादी सोंड असायची. १८६६ साली लिस्साच्या लढाईत ऑस्ट्रियाच्या बोटीने इटलीची बोट अशीच भोसकून बुडवली आणि मग तीस वर्षं प्रत्येक आरमाराने सोंडा लावल्या. त्यांनी शत्रूपेक्षा घरच्याच बोटी जास्त फोडल्या म्हणायला हरकत नाही. १८७५ साली आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ धुक्यात ‘आयर्न ड्यूक’ने आपल्याच ‘व्हॅनगार्ड’ला बुडवलं. १८७८ साली फोकस्टनसमोर जर्मन ‘क्योनिग विल्हेल्म’ने आपल्याच ‘ग्रोसर कुरफ्युर्स्ट’ला बुडवलं आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. नेहमीच्या कवायतीतही या बोटी भरलेली बंदूक घेऊन हिंडायच्या.

तर कँपरडाऊनची सोंड पाण्याच्या रेषेखाली सुमारे बारा फुटांवर लागली आणि नऊएक फूट आत गेली. रुतून बसली होती, तोवर तिनेच बरंचसं भोक बुजवलेलं होतं. पण दोन्ही बोटींना अजून गती होती, त्यामुळे त्या एकमेकींना पिळत राहिल्या. मग कँपरडाऊन उलटी चालून बाहेर निघाली आणि जखम मोकळी झाली. भोक सुमारे शंभर चौरस फुटांचं, म्हणजे दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीची जमीन कापून काढावी एवढं.

आता दुसरा भाग. बोटीच्या पोटात आडव्या-उभ्या पोलादी भिंती असतात. एका कप्प्यात पाणी शिरलं तर ते तिथेच अडावं, हा हेतू. पण माणसांना जा-ये करावी लागते, म्हणून भिंतींत दारं आणि डेकमध्ये झाकणं असतात. बंद असतील तरच भिंतीला अर्थ. जून महिना, भूमध्य समुद्र, पोलादी बोट: आत भट्टी झालेली, म्हणून दारं, झाकणं, हवेचे झरोके सगळं सताड उघडं. ती बंद करायची ताकीद टक्करीच्या जेमतेम मिनिटभर आधी गेली. माणसं जागेवर हजर असली, तरी या कामाला तीन मिनिटं लागायची. खाली धावलेल्या खलाशांना पुढच्या कप्प्यांत पाण्याचा लोंढाच समोरून भेटला. पाण्याचा जोर उलट्या बाजूने असला, की दार माणसाच्या ताकदीने लागत नाही.

वर काही खलाशी भोकावर चटई टाकायच्या खटपटीत होते. ही चटई म्हणजे जाड कॅनव्हासवर दोरखंडाचे झुपके शिवलेलं मोठं ठिगळ. दोऱ्यांनी ते बोटीच्या तळाखालून ओढून भोकावर आणायचं. पाणी आत शिरताना आपल्या ओढीनेच ते भोकावर चिकटवतं. लहान भोकाला हा उपाय चांगला. इथे भोकही मोठं होतं आणि नाळ इतक्या भराभर खाली जात होती, की काम करणाऱ्यांच्या पायांना पाणी लागलं आणि त्यांना मागे हटावं लागलं.

व्हिक्टोरियाची घडणच अशी, की तिचा पुढचा डेक फार ठेंगणा, पाण्यापासून दहाएक फुटांवर. ताफ्यात तिला आणि तिच्या जोडीच्या ‘सान्स पारेल’ला गमतीने चपलांचा जोड म्हणायचे, कारण पुढून चपट्या आणि मागून उंच. त्या ठेंगण्या डेकवर एकच बुरूज, आणि त्यात सव्वासोळा इंची दोन तोफा, एकेक ११० टनांच्या घरातली. नाळेत पाणी भरलं, डेक बुडाला. पाचेक मिनिटांतच पाणी बुरुजाच्या तोफखिडक्यांतून आत ओतू लागलं. त्या खिडक्या आणि मागच्या तोफखान्याची दारं उघडीच होती. शिवाय पाण्याने सुकाणूची ताकद गेली, होड्या उतरवायची यंत्रंही बंद पडली. ट्रायन यांना वाटत होतं, की बोट किनाऱ्यावर चढवता येईल. किनारा पाच मैलांवर होता. त्या भरवशावर त्यांनी इतर बोटींना निशाण केलं, मदतीच्या होड्या पाठवू नका.

मग ती उलटली कशामुळे? तरंगती वस्तू सरळ राहते ती पाण्याच्या रेषेवरच्या तिच्या रुंदीमुळे. रुंद परात पाण्यात एका कडेने दाबली, तर परत वर येते. पुढचा डेक बुडाला, तेव्हा तेवढ्या भागाची ही रुंदी नाहीशी झाली. भोक उजव्या कुशीला, म्हणून कलही उजवीकडे. त्यात तोफखिडक्यांतलं पाणी उंचावरून आलं. काही क्षण ती हळूहळू कलत होती, मग एकदम पालथी पडली. पंखे फिरतच होते आणि ते खाली पाण्यात पडलेल्यांवर आले. यंत्रखोलीतले लोक जागा सोडून वर आलेच नव्हते. ट्रायनही बुडाले. त्याआधी पुलावर त्यांनी चूक आपलीच असल्याचं बोलून दाखवलं होतं, असं साक्षीत आलं.

वाचलेल्यांत कमांडर जॉन जेलिको होते, तापाने फणफणलेले आणि टक्कर झाली तेव्हा बिछान्यात. तेवीस वर्षांनी जटलंडच्या लढाईत ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख हेच.

माल्टा बंदरात कोर्ट मार्शल झालं आणि कॅप्टन बोर्क निर्दोष सुटले. वर्तमानपत्रांत मात्र वाद पेटला, की पुढच्या भागाला चिलखत नव्हतं म्हणून बोट बुडाली. आरमाराचे मुख्य रचनाकार विल्यम व्हाइट यांनी आकडेमोड करून दाखवलं, की चिलखताचा इथे संबंध नाही. दारं, झाकणं, तोफखिडक्या बंद असत्या तर नाळ बुडाली असती, पण बोट तरंगत राहिली असती. त्यांच्या म्हणण्याला पुरावा शेजारीच होता. कँपरडाऊनचीही नाळ फाटली होती, तिच्याही पोटात शेकडो टन पाणी शिरलं होतं. तिच्या खलाशांनी आत तात्पुरती भिंत बांधून ते थोपवलं आणि ती बुडाली नाही.

व्हिक्टोरियाचा सांगाडा २००४ साली समुद्रात बुडी मारून शोध घेणाऱ्यांना सापडला. ती आडवी पडलेली नाही. पुढच्या बुरुजाचं वजन आणि फिरते पंखे, यांमुळे ती नाळ खाली करून सूर मारत गेली आणि सुमारे १४० मीटर खोलीवर नाळेचा भाग गाळात रुतून उभी राहिली. मागची बाजू वर, पंखे पृष्ठभागाकडे तोंड करून.