बालवाडीची बाग: आधी माती, मग घसरगुंडी

श्रोतेहो, नमस्कार.

बालवाडीला मोकळी जागा मिळाली की पहिली धाव असते ती घसरगुंडी आणि झोक्यांकडे. खाली फरशी, वर रंगीत साधनं, कडेने कुंड्या आणि कुंड्यांपाशी पाटी: ‘फुलांना हात लावू नये’. ती पाटी वाचता येईल असं एकही मूल तिथे नसतं, ही गोष्ट वेगळी! घसरगुंडीवरून मूल घसरतं, पुन्हा चढतं, पुन्हा घसरतं. मजा येते, पण घसरगुंडी काही बदलत नाही. वाळू, माती आणि पाणी मात्र हाताला वळतात. म्हणून पैसे आणि जागा आधी या तिघांना द्या. उरलं तर घसरगुंडी घ्या.

सोरेन्सन नावाचे एक डॅनिश उद्यानरचनाकार होते. आपण आखलेली क्रीडांगणं सोडून मुलं भंगारात, बांधकामाच्या जागी जास्त रमतात, हे त्यांच्या लक्षात आलं. १९४३ साली कोपनहेगनजवळ एम्ड्रुपला त्यांच्या कल्पनेतून फळ्या, विटा, जुनी चाकं अशा सामानाचं मैदान उभं राहिलं. तीन वर्षांच्या मुलांच्या हाती खिळे-हातोडी द्यायचं कारण नाही. त्यांना ओंडके, पन्हळीचे तुकडे, डबे आणि लहान बादल्या पुरतात.

वाळूचा हौद चांगला दीड फूट खोल करा. तळाला पाणी निचरून जाईल असं बघा. रात्री त्यावर झाकण हवं, नाहीतर मांजरं त्याचा वेगळाच उपयोग करतात. नळ हौदापासून आठ-दहा पावलांवर ठेवा, मुद्दाम. मूल बादली भरून निघतं, अर्धं पाणी वाटेत सांडतं आणि उरलेलं वाळूत खणलेल्या चरात ओततं. ते लगेच जिरतं. पुन्हा फेरी, पुन्हा तेच. मग कोणीतरी चराचा तळ थापून घट्ट करतं, दुसरं कोणी पन्हळीचा तुकडा आणून टेकवतं. तो उलट्या उताराने लागला, की पाणी माघारी येऊन दोघांच्या पायांवर. इथे ताईंनी धावून जाऊन पन्हळ सरळ करू नये, एवढं पथ्य पाळावं. एक मात्र सांभाळा: पाणी कुठेही साठून राहू देऊ नका. जेमतेम पाच सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

झाडं निवडताना कण्हेर, धोतरा, एरंड, घाणेरी अशी विषारी झाडं वगळा, कारण या वयात सगळं तोंडात जातं. एकदा उकिडवे बसून सगळी जागा बघा. मुलाच्या नजरेला कठडाच दिसत असेल, तर तुमचा फुलांचा ताटवा कोणासाठी?

फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञांनी १८४० च्या सुमारास जर्मनीत किंडरगार्टन सुरू केलं, तेव्हा सामाईक वाफ्यांबरोबर मुलांना स्वतःचे छोटे वाफेही दिले होते. आजही तसंच करावं. वाफा दोन्ही बाजूंनी हात पोचेल इतकाच, म्हणजे फार तर तीन फूट रुंद ठेवा. मुळा लावा. तो तीन-पाच दिवसांत उगवतो आणि लहान जातीचा असेल तर महिन्याभरात उपटताही येतो. या वयाला त्याहून जास्त धीर धरवत नाही. बी जरा जास्तच पेरा, ‘आलं का?’ म्हणून निम्मं तर दुसऱ्याच दिवशी उकरलं जाणार आहे.