मागचा ब्रेक

श्रोतेहो, नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची. गेली अठरा वर्षं इंग्लंडमध्ये, वेल्सच्या हद्दीला लागून असलेल्या एका छोट्या गावात राहते. माझी लेक पंधरा वर्षांची आहे आणि ती डाउनहिल सायकलिंगच्या शर्यतींत भाग घेते. डोंगरमाथ्यावरून सायकल सोडायची आणि दगड, झाडांची मुळं, चिखल, उड्या पार करत कमीत कमी वेळात पायथा गाठायचा, अशी ही शर्यत. पोरगी वरून खाली येत असते, तेव्हा पायथ्याशी उभं राहणाऱ्या आईबापानं काय करायचं असतं, याबद्दल आज बोलायचंय.

पहिल्यांदा तिनं व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांना सायकल दाखवली, तो दिवस आठवतो. माझ्या आईचा प्रश्न ठरलेला होता, "पडली म्हणजे?" माझे वडील मात्र मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. ते एसटीत ड्रायव्हर होते. सातारा आगारात चौतीस वर्षं काढली, पसरणीचा घाट आणि केळघरचा घाट किती वेळा चढले-उतरले याची गणती नाही. त्यांनी विचारलं, "ब्रेक तारेचे आहेत का तेलाचे?" ती म्हणाली, तेलाचे. "मग उतारावर सारखा दाबून धरायचा नाही. वळणाच्या आधी दाबायचा, वळणात सोडायचा. दाबून धरला की तापतो, आणि तापला की ऐन वेळी दगा देतो." दोन महिन्यांनी तिच्या प्रशिक्षकांनी हेच इंग्रजीत सांगितलं. ती घरी येऊन म्हणाली, "आई, आबांना कसं माहीत?"

या खेळात सगळे एकदम सुटत नाहीत. एकेक जण सुटतो, आमच्याकडे साधारण तीस-तीस सेकंदांच्या अंतरानं. लढत घड्याळाशी. आमच्या भागातले ट्रॅक दोन-तीन मिनिटांत संपतात. जागतिक पातळीवरचा स्कॉटलंडमधला फोर्ट विल्यमचा ट्रॅक जवळजवळ 2.8 किलोमीटरचा, साडेपाचशे मीटर उतरणारा. तिथे जगातल्या उत्तम स्वारांनासुद्धा साडेचार मिनिटं लागतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये तिथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. ब्रिटनचाच चार्ली हॅटन जिंकला. आम्ही तिघं पावसात दोरीला चिकटून उभे होतो. टीव्हीवर ट्रॅक सपाट दिसतो. तिथे उभं राहिल्यावर कळतं की ज्या दगडांवरून ही मुलं सायकल नेतात, तिथून चालत उतरायला आपल्याला हात टेकावे लागतील.

ऑलिम्पिकमध्ये डाउनहिल नाही. माउंटन बाइकचा दुसरा प्रकार, क्रॉस कंट्री, 1996 च्या अटलांटापासून आहे. त्यामुळे भारतात या खेळाचं नाव कमी ऐकू येतं, पण तो तिथेही आहे. 2023 च्या ऑक्टोबरात केरळात पोनमुडीला आशियाई माउंटन बाइक स्पर्धा झाली, तिच्यात डाउनहिल होतं. सह्याद्रीच्या कुठल्याही टेकडीवर सकाळी गेलात तर सायकल घेऊन उतरणारी एक-दोन पोरं भेटतीलच. त्यांच्यापैकी एखादं तुमच्या घरातलं असेल, तर मी काय म्हणते ते तुम्हाला लगेच समजेल.

आमचा शनिवार पहाटे चारला सुरू होतो. गाडीत सायकल, दोन जादा टायर, हवेचा पंप, पाण्याचा कॅन, ताडपत्री. खायला दशम्या. गुळाच्या दशम्या दोन दिवस टिकतात, हातमोजे न काढता खाता येतात आणि पोटाला जड होत नाहीत. शर्यतीआधी तासभर ती अर्धी दशमी खाते, बाकी काही नाही. आता शेजारच्या तंबूतली मुलंही हक्कानं मागायला येतात, म्हणून मी वीसच करून नेते.

तिथे पोचल्यावर आधी नावनोंदणी. मूल अठराच्या आतलं, म्हणून पालकांची सही लागते. फॉर्मवर स्वच्छ लिहिलेलं असतं की या खेळात गंभीर दुखापत होऊ शकते आणि हे आम्हाला मान्य आहे. चार वर्षं झाली, तरी त्या सहीपाशी माझा हात क्षणभर थांबतो. थांबावा असंच मला वाटतं. ज्या दिवशी मी न वाचता सही करीन, त्या दिवशी मी तिथे नुसती ड्रायव्हर म्हणून आलेली असेन.

मग ट्रॅक पायी बघायचा. दोन्ही बाजूंना पट्टी बांधलेली असते, त्या पट्टीच्या आतून कुठूनही जायची मुभा. कुठल्या दगडाच्या कुठल्या बाजूनं चाक न्यायचं ते स्वार ठरवतो, त्याला ही मुलं लाइन म्हणतात. मागच्या वर्षी एका ट्रॅकवर मोठी उडी होती. मध्ये खड्डा, अलीकडून उडायचं आणि पलीकडे उतरायचं, अंतर साधारण आपल्या ओसरीएवढं. शेजारून एक लांबची, सोपी वाटही होती. लेक तिथे जवळजवळ वीस मिनिटं थांबली. उतरणीची माती बुटानं दाबून बघितली. मागे वर चढून गेली, परत आली. मी बाजूला उभी. माझ्या तोंडात वाक्य आलेलं होतं, "सोपी वाट घे ना." ते मी गिळलं. कारण मला तिथला वेग कळत नाही, माती कळत नाही, आणि तिच्या पायांत आज किती जोर आहे तेही कळत नाही. ती कळणारी एकटीच. माझं वाक्य तिच्या डोक्यात शिरलं असतं तर उडी घेताना ती अर्धवट मनानं गेली असती, आणि या खेळात अर्धवट मनासारखं घातक काही नाही. शनिवारी तिनं सोपी वाट घेतली. रविवारी सकाळी उडी घेतली. दोन्ही वेळा मी काही बोलले नाही.

याच्या उलट एकदा बघितलंय. सुरुवातीच्या फाटकाशी एक वडील मुलाच्या कानाशी वाकून सांगत होते की या दोन दिवसांवर दोनशे पौंड गेलेत, लक्षात ठेव. मुलगा तेरा-चौदाचा. तो हातमोज्याची पट्टी उघडत होता, लावत होता, पुन्हा उघडत होता. त्यानंतर मी फाटकाशी जाणंच सोडलं. लेकीला विचारलं, कुठे उभी राहू? ती म्हणाली, "खाली. जॅकेट घेऊन." तेव्हापासून मी खाली असते.

पैशांचं खोटं बोलत नाही, खेळ महाग आहे. नवी डाउनहिल सायकल घ्यायची तर तीन-चार हजार पौंडांपासून पुढे. आम्ही वापरलेली घेतली, आधीच्या मुलीची उंची वाढली म्हणून विकायला निघालेली. पुढेमागे आठ-आठ इंचांचे शॉक, म्हणून दगडांवरून चाक टिकतं. टायर, ब्रेक पॅड, वर नेणाऱ्या गाडीचं भाडं, प्रवेश फी, डिझेल, सगळं धरून वर्षाचा हिशेब मी वहीत मांडते आणि ती वही तिला दाखवतही नाही, तिच्यापासून लपवतही नाही. एक गोष्ट मात्र वापरलेली घ्यायची नाही, हेल्मेट. हनुवटीसकट तोंड झाकणारं, नवं. आणि त्याच्यावर एकदा जोरात आपटणं झालं की ते बाद. बाहेरून चरा नसला तरी आतला फोम दबलेला असतो, आणि दबलेला फोम दुसऱ्यांदा कामाला येत नाही.

हे मी अनुभवानं सांगतेय.

मागच्या सप्टेंबरची गोष्ट. वेल्समधला पाटीच्या काळ्या दगडाचा ट्रॅक, रात्रभर पाऊस. रविवारी सकाळी आधी क्रम ठरवणारी फेरी होते, दुपारी खरी शर्यत. ट्रॅकच्या कडेनं ठिकठिकाणी स्वयंसेवक उभे असतात. स्वार जवळ आला की ते शिट्टी वाजवतात, लोकांनी बाजूला व्हावं म्हणून. त्यामुळे खाली उभं राहून, काही दिसत नसलं तरी, शिट्ट्यांवरून कळतं की मूल कुठवर आलंय. वर झाडीत एक वाजली. मग त्याखालची. मी जॅकेटची चेन उघडून ठेवली. तिसरी वाजलीच नाही. मी मनात आकडे मोजायला लागले. मागच्या स्वाराचीही शिट्टी येईना, म्हणजे लाल निशाण दाखवून वरच थांबवलं होतं.

दहा-बारा मिनिटांनी ती चालत खाली आली, बरोबर प्रथमोपचारवाल्या बाई. चेहऱ्यावर चिखल, हसत होती. "आई, मी ठीक आहे. फक्त घसरले." हातपाय शाबूत, बोलणं नीट. मग तिनं विचारलं, "माझा वेळ लागला का?" मी म्हटलं, नाही, तू पडलीस ना. ती बरं म्हणाली. दशमी मागितली. आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेच, "माझा वेळ लागला का?" त्याच आवाजात, जणू पहिल्यांदाच विचारतेय.

पोटात खड्डा पडणं म्हणजे काय, ते मला त्या दुसऱ्या प्रश्नानं कळलं.

प्रथमोपचारवाल्या बाईंनी तपासलं, मेंदूला धक्का बसल्याची शंका आहे म्हणाल्या. दुपारची शर्यत रद्द. लेक रडली, भांडली. वर्षातली शेवटची शर्यत होती, एकूण गुणांत ती तिसरी होती. "उडी घ्यायची का नाही ते तू मला ठरवू देतेस, मग हे का नाही?" प्रश्न खरा होता. मी तिला म्हटलं, "उडी तुझं डोकं ठरवतं. आज त्या डोक्यालाच लागलंय, म्हणून आजच्यापुरतं मी ठरवणार." ती घरापर्यंत बोलली नाही. दोन तास नुसता वायपरचा आवाज.

श्रोतेहो, इथे मी जरा थांबून सांगते, कारण हे सायकलपुरतं नाही. तुमचं मूल कबड्डी खेळत असेल, फुटबॉल खेळत असेल, झाडावरून पडलं असेल, त्यालाही हेच लागू आहे. मेंदूला धक्का बसायला शुद्ध हरपावी लागते असं नाही. तोच प्रश्न पुन्हा विचारणं, डोकं जड होणं, उजेड सहन न होणं, मळमळ, उगाच चिडचिड, या सगळ्या खुणा. उलट्या व्हायला लागल्या, पेंग वाढत गेली, झटका आला किंवा डोकेदुखी चढत गेली तर तडक रुग्णालयात. ब्रिटनमध्ये 2023 साली सगळ्या हौशी खेळांसाठी एकच मार्गदर्शन निघालं. शंका आली की खेळाडूला लगेच बाहेर काढायचं आणि त्या दिवशी पुन्हा उतरवायचं नाही. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल-टीव्ही कमीत कमी. मग हळूहळू शाळा, चालणं. आणि स्पर्धेत परत यायचं तर लवकरात लवकर एकविसाव्या दिवशी, तेही आधीचे चौदा दिवस विश्रांतीत काही त्रास नसेल तरच. एकवीस हा कमीत कमी आकडा आहे. आम्हाला त्याहून जास्त दिवस लागले. दोन आठवडे ती अर्धा दिवसच शाळेत जायची आणि दुपारी पडदे ओढून पडायची.

तिच्या खोलीत रेचल अथर्टनचं चित्र आहे. याच भागातली, डाउनहिलमधली फार मोठी खेळाडू. 2016 साली विश्वचषकाची प्रत्येक फेरी तिनं जिंकली. 2019 मध्ये टाचेचा स्नायुबंध तुटला, 2021 मध्ये मुलगी झाली आणि 2023 मध्ये परत येऊन स्वित्झर्लंडमध्ये विश्वचषकाची फेरी पुन्हा जिंकली. लेक तिच्या विजयांबद्दल बोलायची. त्या आजारपणात पहिल्यांदाच तिनं मधल्या वर्षांबद्दल विचारलं, "आई, ती तेव्हा दिवसभर काय करत असेल?"

नोव्हेंबरात ती पुन्हा सायकलवर बसली. नवं हेल्मेट, तोच डोंगर नव्हे, घराजवळचा सोपा उतार. हसत यायची, छान झालं म्हणायची. मीही मानलं.

ब्रेकचे पॅड आम्ही दोघी मिळून बदलतो, मोरीजवळच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून. वेल्सच्या ओल्या मातीत बारीक कच असते, ती पॅड खाऊन टाकते. पावसाळी दोन दिवसांत एक जोडी संपते कधीकधी. त्या दिवशी काढले तर पुढचे जवळजवळ नवे आणि मागचे पार पत्र्यापर्यंत गेलेले. मला वाटलं, पॅडच खराब निघाले. सहज फोटो काढून वडिलांना पाठवला, त्यांना अशा गोष्टी आवडतात म्हणून.

त्यांचा फोन आला. "पोर घाबरलीय," ते म्हणाले. "मागचा ब्रेक धरून उतरतेय, सगळा उतार. अपघातानंतर पुन्हा घाटात गाडी घातली की आमच्यातलेही असंच करायचे. पाय पेडलवरून उठतच नाही." मी विचारलं, मग मी तिला काय सांगू? ते म्हणाले, "काही सांगू नको. तिला कळेल असं बोलू नको. पॅड बदलून दे."

मी पॅड बदलून दिले. सगळा हिवाळा देत राहिले. प्रत्येक वेळी जुने पॅड वर्तमानपत्रावर शेजारीशेजारी ठेवून बघायचे. तोंडानं ती जे सांगत नव्हती, ते तिथे दिसायचं. मार्चमध्ये एकदा वाटलं सुधारलंय, मग एप्रिलच्या पावसात पुन्हा मागचेच झिजले. त्या शर्यतीत ती अकरा जणींत नववी आली. मी खाली जॅकेट घेऊन उभी होते, शिट्टी शेवटपर्यंत खाली आली, मला तेवढं पुरेसं होतं. तिला नव्हतं, आणि ते बरोबरच आहे.

गेल्या रविवारी शर्यतीहून यायला उशीर झाला. पाचवी आली होती. सायकल धुतली, जेवलो, आणि ती म्हणाली आज पॅड मीच काढते. चिमट्यानं चारही काढले, फडक्यानं पुसले, वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. पुढचे दोन, मागचे दोन. डोळ्यांना तरी झीज सारखीच वाटत होती. तिनं नखानं जाडी चाचपून बघितली आणि काही न बोलता स्वतःच फोटो काढून आजोबांना पाठवला.

साताऱ्यात तेव्हा रात्रीचा दीड वाजून गेला होता. सकाळी उठल्यावर चष्मा लावून बघतील.

नमस्कार.