आठ ठिपक्यांची शिरोरेषा

(पडदा काळा. कॅसेटचा आवाज पाच-सहा सेकंद तसाच चालू राहतो.)

ज्यांनी हा आवाज लहानपणी ऐकलाय, त्यांच्या तो अजून कानात असेल. आधी एक लांब, एकसुरी शीळ. मग खरखर, तापल्या तेलात मोहरी टाकावी आणि ती तडतडायची थांबूच नये तशी. टेपरेकॉर्डरमधून येतोय, पण हे गाणं नाही. हा एक प्रोग्राम आहे. कुणीतरी घरी बसून लिहिलेला आणि आवाज करून फितीवर साठवून ठेवलेला.

तो वाचायला त्याच जातीचं यंत्र लागतं. तेही चालू हवं.

(तिवंधा. अरुंद बोळ, वाड्याचा दरवाजा, आत लाकडी जिना.)

जुनं नाशिक. तिवंध्याजवळच्या एका वाड्याचा माळा. जिना इतका उभा आहे की वर जाताना कडीला लोंबकळणारा दोर धरावा लागतो. वर गेलं की आधी वास येतो: रोझिनचा, म्हणजे सोल्डर करताना जळणाऱ्या राळेचा, आणि जुन्या लाकडाचा. एका भिंतीला फळ्या, फळ्यांवर कापडाखाली झाकलेले संगणक. बावीस आहेत. त्यातले एकोणीस चालतात. उरलेल्या तिघांबद्दल काका म्हणतात, "ते रांगेत आहेत."

काका आमच्या ओळखीचे, नात्यातले नाहीत. ओझरला एचएएलमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. विमानांतल्या इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती हे काम. निवृत्त झाल्यावर लोक गावाकडे शेत बघतात, देवळाच्या ट्रस्टवर जातात. काकांनी टेबल मांडलं, वर भिंग लावलेला दिवा बसवला आणि पहिला संगणक उघडला.

(फळ्यांवरून कॅमेरा सावकाश सरकतो. एका काळ्या, चपट्या यंत्रावर थांबतो.)

हा स्पेक्ट्रम प्लस. इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीनं १९८२ च्या एप्रिलमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम आणला, रबरी बटणांचा, खोडरबरासारख्या स्पर्शाचा. १९८४ मध्ये त्याला कडक प्लास्टिकची बटणं मिळाली आणि नावापुढे प्लस लागलं. भारतात १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स हे यंत्र परवाना घेऊन विकत होती. पडदा नाही, डिस्क नाही. घरातला टीव्ही हाच पडदा आणि घरातला टेपरेकॉर्डर हीच तिजोरी. मेमरी ४८ के. प्रोसेसर झायलॉग कंपनीचा झेड ८०, वेग साडेतीन मेगाहर्ट्‌झ.

त्या झेड ८० बद्दल एक सांगायलाच हवं. तो १९७६ साली बाजारात आला आणि २०२४ पर्यंत बनत राहिला. त्या वर्षी एप्रिलमध्ये कंपनीनं कळवलं की आता शेवटच्या ऑर्डरी घेतोय. अठ्ठेचाळीस वर्षं एकच आयसी, म्हणजे चिप. बातमी आली त्या दिवशी काकांनी कपाटातली एक डबी काढली, आतले झेड ८० मोजले, पुन्हा झाकण लावलं. बोलले काही नाहीत. मला वाटतं एखाद्या गावातला शेवटचा कासार दुकान बंद करतो तेव्हा माणसं अशीच गप्प होत असतील.

(अंबड लिंक रोड. भंगाराचे ढीग, तराजू.)

समोरचा स्पेक्ट्रम अंबड लिंक रोडच्या भंगारातून आला. कुणाचा तरी फ्लॅट रिकामा झाला, पोत्यात मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन आणि त्यात हा. भंगारवाल्याला काकांचं वेड माहीत आहे. बटणं असलेलं काहीही आलं की तो बाजूला ठेवतो आणि किलोच्या भावानंच देतो. पोत्याच्या तळाशी एक कॅसेटही निघाली. तिच्या कागदावर निळ्या शाईत लिहिलं होतं: 'पाढे, २ ते ३०'.

मी म्हटलं, लावून बघू या. काकांनी माझ्या हातातून वायर काढून घेतली.

"आधी उघडायचं. मग मोजायचं. करंट सगळ्यात शेवटी."

(यंत्राचं झाकण उघडतं. पीसीबी जवळून.)

हा नियम त्यांना एका बीबीसी मायक्रोनं शिकवला. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला, त्यात एकॉर्न कंपनीचे हे दणकट, साय-रंगाचे संगणक आले. पुढे कित्येक शाळांत ते कपाटात गेले आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद होऊन पडून राहिले. काकांना असा एक निर्लेखनाच्या लिलावात मिळाला. घरी आणून त्यांनी थेट प्लग लावला. टूंऽ-बीप असा त्याचा ओळखीचा आवाज आला, पडद्यावर अक्षरं आली, आणि दहा मिनिटांनी पॉवर सप्लायमधून धूर. वाडाभर घाण वास. सप्लायच्या तोंडाशी पेपर कंडेन्सर असतात, पिवळट पारदर्शक आवरणाचे. वर्षानुवर्षांत त्या आवरणाला बारीक तडे जातात, आतला कागद हवेतली ओल पितो आणि मेन्सचा करंट मिळाला की फुटतो. संगणकाला काही झालं नव्हतं, कंडेन्सर बदलून तो आजही चालतो. पण काकांना त्याचं फार लागलं. तीस वर्षं जपून राहिलेलं यंत्र आपल्या घाईनं जाऊ शकलं असतं, असं ते अजून म्हणतात.

तर हा स्पेक्ट्रम. याला मेन्स आत येत नाही, बाहेरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. इथे एक खाच आहे. स्पेक्ट्रमच्या पिनेला आतून ऋण आणि बाहेरून धन असतं. आपल्या घरातले बहुतेक अडॅप्टर याच्या उलट. कुणीतरी कधीतरी हाताला लागला तो अडॅप्टर खुपसला असणार, कारण सप्लायच्या भागातला एक छोटा ट्रान्झिस्टर मेलेला होता.

तो मेला की गोष्ट तिथे थांबत नाही. स्पेक्ट्रमच्या खालच्या मेमरीत ४११६ जातीच्या आठ आयसी असतात, आणि त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात. पहिल्या पायावर उणे ५, आठव्यावर १२, नवव्यावर ५. उणे ५ गेले आणि बाकीचे दोन चालू राहिले, तर आयसी आतून भाजते. काकांनी ट्रान्झिस्टर बदलला, मल्टिमीटरची टोकं एकेका पायावर टेकवली आणि आकडे मोठ्यानं म्हणत गेले. तिन्ही व्होल्टेज आले तेव्हा माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मग टीव्ही लावला.

(टीव्हीचा पडदा. उभ्या रेघांचं जाळं.)

धड स्पेक्ट्रम सुरू होताना पडदा क्षणभर काळा होतो, त्यावर बारीक लाल उभ्या रेघा चमकतात, मग पांढरं होऊन खाली कंपनीचं नाव आणि १९८२ येतं. त्या लाल रेघा म्हणजे यंत्र स्वतःची मेमरी तपासत असतं. प्रत्येक घरात २ हा आकडा भरतं आणि परत वाचून बघतं. पडद्याची मेमरीही त्याच आठ आयसींत असल्यामुळे ती तपासणी आपल्याला उघड्या डोळ्यांनी दिसते.

आमच्या पडद्यावर रेघा आल्या आणि तिथेच गोठल्या. काका भिंगातून पडद्याकडे बघत बसले. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे आठ शून्य-एक, असतात आणि प्रत्येक आयसी त्यातला एकच बिट सांभाळते, म्हणून आठातली कुठली बिघडली ते रेघ आठ ठिपक्यांत कुठे पडते त्यावरून कळतं. आजच्या कुठल्या यंत्रात आजार असा चेहऱ्यावर वाचता येतो? मला या छंदातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. अख्खा संगणक एका माणसाच्या डोक्यात मावतो. कुठलाही भाग असा नाही की ज्यापुढे 'आत काहीतरी होतं' म्हणून सोडून द्यावं.

"तिसरी," काका म्हणाले. "बोट ठेव."

ठेवलं. चटका बसला. शेजारच्या दोन्ही कोमट होत्या.

(आयसी काढण्याचं दृश्य. निवेदन थोडं थांबतं.)

कधी कधी चांगली आयसी बिघडलेलीच्या पाठुंगळी बसवून बघतात, पाय पायांवर टेकवून. आतलं कनेक्शन तुटलं असेल तर वरची आयसी काम सांभाळते आणि निदान पक्कं होतं. इथे आयसी तापत होती, म्हणजे शॉर्ट. तिथे पाठुंगळी चालत नाही, काढावीच लागते. काकांनी बारीक कटरनं तिचे सोळा पाय एकेक करून कापले, मग प्रत्येक पाय वेगळा तापवून चिमट्यानं ओढला. अख्खी आयसी उपटायला गेलं तर खालचा तांब्याचा ट्रॅक उचलून येतो, आणि चाळीस वर्षांचा ट्रॅक म्हणजे सुकलेलं पान. भोकं साफ केली, बेस बसवला, बेसमध्ये नवी आयसी. नवी म्हणजे न वापरलेली, वयानं तीही तेवढीच.

कीबोर्डही मेला होता. बटणांखाली प्लास्टिकचे पातळ पडदे असतात, त्यांच्या पट्ट्या जागच्या जागी कडक होऊन मोडतात. तसे पडदे आता हौशी मंडळींसाठी पुन्हा बनतात, ते मागवले. पंधरा दिवस थांबावं लागलं.

(पावसाळ्यातली गोदावरी. दुतोंड्या मारुती, पायाशी पाणी.)

थांबलो त्या दिवसांत काकांनी मला दुसरं एक यंत्र दाखवलं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गोदाकाठची दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती बुडाली होती, ते नाशिककरांना आठवत असेल. सराफ बाजार, भांडी बाजार, सगळीकडे गंगा, म्हणजे आमची गोदावरी, शिरली. एका दुकानाच्या तळघरात हे यंत्र दोन दिवस चिखलात होतं. काकांनी ते उघडून साध्या पाण्यानं धुतलं, दाढीच्या ब्रशनं. मग स्पिरिट, मग आठवडाभर पंख्यासमोर. लोकांना पाणी म्हटलं की धसका बसतो. करंट नसताना पाणी फारसं काही करत नाही, त्यातला गाळ मागे राहून सुकला की मात्र तो ट्रॅक खातो. ते यंत्र चालू झालं. बटणांच्या फटींत अजून थोडी माती आहे, ती त्यांनी मुद्दाम ठेवलीय.

तसंच पिवळेपणाचं. त्या काळच्या प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमिनची रसायनं घालत, उन्हानं ते पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं तर पुन्हा पांढरं होतं, आणि आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. काका करत नाहीत. पुन्हा पिवळं पडणारच, असं ते म्हणतात. मला वेगळंच वाटतं: खिडकीकडच्या बाजूनं जास्त पिवळं झालेलं यंत्र बघितलं की ते कुणाच्या तरी घरात कुठे ठेवलेलं होतं ते कळतं. ते कशाला पुसायचं?

(कॅसेट जवळून. एक छोटा स्क्रू फिरवला जातो.)

शेवटी कॅसेट. फितीवर बुरशीचे पांढरे डाग होते आणि फीत हेडवर दाबून धरणारी नमद्याची गादी गळून पडली होती. काकांनी खोकं फोडून दोन्ही रिळं दुसऱ्या, स्क्रूच्या खोक्यात घातली. फीत कापसानं सावकाश पुसली. मग टेपरेकॉर्डर. सुरुवातीला रेडिओवरून उतरवलेलं एक भावगीत निघालं, कडव्याच्या मध्येच तुटलं आणि ती शीळ सुरू झाली.

हेडशेजारी एक स्क्रू असतो. तो केसभर फिरवला की आवाज बोदा होतो किंवा धारदार. ज्या टेपरेकॉर्डरवर हे भरलं असेल त्याच्या हेडचा कोन शोधायचा, निव्वळ कानानं. आम्ही आधी हा सगळा आवाज लॅपटॉपवर उतरवून घेतला, फीत तुटली तरी हाती काही राहावं म्हणून. मग स्पेक्ट्रमला जोडलं. दोनदा लोडिंग एरर. काकांनी स्क्रू अजून थोडा फिरवला.

(टीव्ही: कडेला लाल आणि आकाशी जाड पट्टे. मग निळ्या-पिवळ्या बारीक रेघा.)

पडद्यावर प्रोग्रामचं नाव उमटलं. रोमन अक्षरांत, पाढे. नावाला दहाच अक्षरांची जागा असते, याला पाचच लागली. मग चाळीसेक सेकंद निळ्या-पिवळ्या रेघा. आम्ही दोघंही बोललो नाही.

यंत्रानं विचारलं, १७ गुणिले ८?

"सतरा आठे छत्तीसासे," काका म्हणाले, आणि मी १३६ टाइप केले.

आणि पडद्यावर मराठीत आलं: शाब्बास.

या यंत्रात मराठी नाही. आहेत फक्त एकवीस मोकळ्या जागा, आठ बाय आठ ठिपक्यांच्या, ज्यात आपल्याला हवी ती आकृती भरता येते. मी प्रोग्रामची यादी उघडली. ओळीमागून ओळ शून्य आणि एक. श, काना, अर्धा ब, ब, स. कुणीतरी आलेखाच्या वहीत चौकटी रंगवून ही अक्षरं बसवली असणार. प्रत्येक अक्षराची पहिली ओळ तीच होती: आठ एक, सलग. शिरोरेषा. इंग्रजी अक्षरांत दोन अक्षरांमध्ये फट राहावी म्हणून कडेचे ठिपके रिकामे सोडतात. या मुलानं किंवा मुलीनं ते कडेपर्यंत भरले, म्हणून शब्दातल्या सगळ्या चौकटी शेजारी आल्या की रेघ न तुटता जोडली जाते.

कॅसेटवर नाव नाही. प्रोग्राममध्येही नाही.

"आता मुद्दाम चुकीचं उत्तर दे," काका म्हणाले.

मी १३५ टाइप केले. पडदा जरा थांबला. मग शब्द आला, 'पुन्हा'. पचा उकार एका चौकटीत मावला नव्हता, तो खालच्या ओळीतल्या वेगळ्या चौकटीत काढून प च्या बरोबर खाली टेकवला होता.

काकांनी खुर्ची पुढे ओढली.

"सरक जरा. एकोणतीसचा बघू."

(टीव्हीच्या उजेडात दोघं. बटणांचा आवाज. पडदा हळूहळू काळा.)