दोन नावांची एक बाई आणि पेन्शनचा संगणक

नमस्कार श्रोतेहो. सोलापूर जिल्ह्यातल्या सगळ्या माजी सैनिकांना, वीरपत्नींना, वीरमातांना आणि आज ज्यांचा मुलगा किंवा कारभारी सीमेवर आहे त्या घरांना माझा जय हिंद. मी सैन्यात चोवीस वर्षं क्लार्कचं काम केलं आणि सुभेदार म्हणून घरी आलो. आता विजापूर रोडला राहतो. रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर लोक आपापले कागद घेऊन येतात, ते बघून देतो.

दोन वर्षांपूर्वी मोहोळ तालुक्यातल्या एक ताई आल्या. मालक हवालदार होते, पेन्शनवर असताना गेले. ताईंच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, मृत्यूचा दाखला, आधार, सगळं नीट होतं. तरी कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज अडलेला. डिस्चार्ज बुक उघडलं, पत्नीचं नाव सुनंदा. आधार कार्ड बघितलं, तिथे शकुंतला. ताई म्हणाल्या, "मग मी खरी कुठली ओ साहेब?"

दोन्ही नावं खरी होती. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. शकुंतलाची सुनंदा झाली. नवरा रजा संपवून युनिटात गेला आणि लग्नाची नोंद करताना त्यानं सासरचं नाव सांगितलं. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या घरच्या बदलांची युनिटातली अधिकृत नोंद, निघाली आणि नाव रेकॉर्ड ऑफिसला पोचलं. पुढे आधार आलं तेव्हा ताईंनी शाळेचा दाखला दिला, आणि दाखल्यावर माहेरचं नाव. अशा पार्ट टू ऑर्डर मी स्वतः शेकड्यांनी टाइप केल्यात. वहिनींच्या शाळेच्या दाखल्यावर काय नाव आहे, हे मी एकाही जवानाला विचारलं नाही. ते मला आजही टोचतं.

पूर्वी पेन्शन बँकेतून निघायची. शाखेतला माणूस ओळखीचा, तो म्हणायचा, "या काकू, बसा." आता बहुतेकांची पेन्शन 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीतून प्रयागराजहून थेट खात्यात येते. ही सोय चांगली आहे. महिन्याची स्लिप, थकबाकी, तक्रार, सगळं घरबसल्या दिसतं. पण संगणक काकूंना ओळखत नाही. तो एका कागदावरचं अक्षर दुसऱ्या कागदावरच्या अक्षराशी जुळवतो, आणि नाही जुळलं की थांबतो.

म्हणून पेन्शनर बांधवांनो, आज संध्याकाळी स्पर्शचं खातं उघडा आणि पत्नीला शेजारी बसवा. तिचं नाव, तिची जन्मतारीख, मुलांची नावं आधारशी ताडून बघा. फरक असेल तर तुम्ही हयात असताना तुमच्या एका अर्जावर दुरुस्तीला सुरुवात होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद दाखवा, रेकॉर्ड ऑफिसकडे काय पाठवायचं ते तिथे सांगतात. तुमच्या माघारी तेच काम तिला एकटीला करावं लागतं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, याचं प्रतिज्ञापत्र, दाखले, पत्रं आणि पुन्हा पत्रं. दुःखाच्या दिवसांत ती हे कुठवर करेल?

खात्याला मोबाइल नंबर कुणाचा लावलाय, तेही बघा. एका काकांचं खातं दुकानातल्या पोरानं उघडून दिलं आणि घाईत स्वतःचाच नंबर टाकला. ओटीपी त्याला जायचा. पोरगा चांगला होता, पण पुण्याला कामाला गेला आणि इकडे काका आपल्याच पेन्शनच्या दाराबाहेर उभे. नंबर तुमचा हवा, आणि तो फोन घरात पत्नीलाही उघडता यायला हवा. ओटीपी फोनवरून कुणी मागितला तर देऊ नका, मागणारा कितीही 'प्रयागराजहून बोलतोय' म्हणाला तरी. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा.

हयातीचा दाखला वर्षातून एकदा. शेतात राबून बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र घेत नाही. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही 'जीवन प्रमाण', म्हणजे हाच दाखला ऑनलाइन, निघतो. फक्त पेन्शन देणारी संस्था निवडताना जपा. पेन्शन स्पर्शमधून असेल तर तिथे स्पर्शच निवडायचं. सवयीनं बँकेचं नाव निवडलं की दाखला भलतीकडे जातो आणि पेन्शन थांबते.

आता पस्तीस-चाळिशीत घरी येणाऱ्या आमच्या धाकट्या भावांसाठी. पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे डीजीआर, निवृत्तीच्या आधीच प्रशिक्षणाचे कोर्स देतं. सुटायच्या आधी अर्ज करा. महाराष्ट्रात गट क आणि ड च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या नोकऱ्यांत गट क ला १० टक्के. पण ऑनलाइन फॉर्म भरताना बहुतेक जण कामाच्या रकान्यात 'ड्रायव्हर एमटी', म्हणजे लष्करी गाड्यांचा चालक, एवढंच लिहितात आणि पुढे जातात. मी एकाला समोर बसवून विचारलं, रोज काय करायचास? तो सांगत गेला. लडाखच्या रस्त्यावर बर्फात कॉन्व्हॉय नेला, गाड्यांची लॉगबुकं लिहिली, डिझेलचा हिशेब ठेवला, नव्या पोरांना गाडी शिकवली. मी म्हटलं, हेच लिही, साध्या भाषेत. चिंचोळीच्या एमआयडीसीतल्या मॅनेजरला 'एमटी' कळत नाही, पण 'वीस गाड्यांची देखभाल आणि इंधनाचा हिशेब' हे लगेच कळतं.

मुलं व्यावसायिक पदवीला असतील तर केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज असतो. मुलाला महिन्याला २,५०० आणि मुलीला ३,००० रुपये. बारावीला साठ टक्के लागतात. घरपट्टीच्या माफीचंही जिल्हा कार्यालयात विचारा, माहीत नसल्यामुळे अजून बरेच जण भरत बसलेत.

त्या ताईंचं काम अकरा महिन्यांनी झालं. थकबाकीसकट पेन्शन जमा झाली, मेसेज त्यांच्याच मोबाइलवर आला. पुढच्या रविवारी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेऊन आल्या. मी दारातून हाक मारली, "या सुनंदाताई." चप्पल काढता काढता म्हणाल्या, "हाक कुठल्याबी नावानं मारा साहेब, सही मात्र आता शकुंतलाच करतेय."