बांगड्याचं तोंड आधी बघा

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘होडीवरून बांगडा : आमिषं आणि पद्धती’. तो वाचून दारातच एका गृहस्थांनी मला अडवलं. म्हणाले, “बांगडो गरयेक लागता?” म्हणजे बांगडा गरीला, गळाला, लागतो का? रास्त प्रश्न आहे. गोव्यात बांगडा यायचा तो रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यातून; आता येतो पर्ससीनमधून, म्हणजे होडीवरून घोळक्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यातून. गरी टाकून बसायचं ते चणकासाठी, तांबशासाठी. त्या माशांना मान आहे. बांगडा म्हणजे पाटीतला मासा, उडदमेथीच्या कालवणातला मासा. त्याच्यामागे गळ घेऊन धावणारा माणूस रिकामटेकडाच असणार, असं माझ्या घरच्यांचंही मत आहे.

तरी बांगडा गरीला लागतो. पण त्याआधी उद्या मासळीबाजारात एक काम करा. बांगडा विकत घेताना त्याचं तोंड उघडून आत बघा. मासेवाली बाई दोन शब्द सुनावेल, ते ऐकून घ्या. आत कल्ल्यांच्या कमानींवर लांबलांब, पिसांसारखे दाते दिसतील. आपला बांगडा तोंड वासून, कल्ले फुगवून पोहतो आणि पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे.

आता माझे साडू. पुण्याचे. (पुण्याचे कोणी आलेत का? नाहीत? मग मोकळेपणाने बोलतो.) एका ऑक्टोबरात ते आमिषांची पेटी घेऊन आले. पेटी कसली, दागिन्यांचा डबाच. वितीएवढे चंदेरी मासे, त्यांना रंगवलेले डोळे, पोटाखाली तीन-तीन टोकांचे गळ. त्यांनी युरोपातल्या मासेमारीचे व्हिडिओ बघितले होते. तिकडच्या समुद्रातला बांगडा आपल्याचा भाऊबंद खरा, पण जात वेगळी. तो बारीक माशांचा पाठलाग करून त्यांना पकडतो, म्हणून तिकडे रंगीत पिसं बांधलेल्या गऱ्यांची माळ खाली सोडली की भराभर लागतो. साडूंचं गणित सरळ होतं: तिकडे पीस चालतं, तर इकडे चांदी का नाही?

मालीमहून निघालो, आग्वादच्या बाहेर आलो. बांगड्यांचा घोळका वरच होता, पाणी नुसतं थरथरत होतं. साडूंनी सर्वांत मोठा चंदेरी मासा सोडला आणि होडी पुढे-मागे पळवायला लावली. होडीवाला काही वेळ बघत राहिला. मग अदबीने म्हणाला, “बाब, हें विसवणाक. बांगडो हें खाता?” विसवण, म्हणजे तुमची सुरमई, दातांची शिकारी. तिच्यासाठी धावत्या होडीमागे मोठं आमिष ओढणं बरोबरच. पण गाळून खाणाऱ्याला वितीएवढा घास दाखवून काय उपयोग? साडूंना ते पटेना. शेवटी एक बांगडा आलाच, शेपटीत गळ अडकून! तो ‘चावला’ असं त्यांनी जाहीर केलं आणि पुण्यात आजही हीच कथा सांगितली जाते. तोवर होडीवाल्याने बारीक गऱ्यांना सिमेंटच्या पोत्याचे पांढरे धागे गुंडाळून माळ केली, खाली शिसं बांधलं आणि बसल्याजागी आमच्या जेवणाची सोय केली.

रापणीचंही बोलायचं होतं. १९७०च्या दशकात रापणकार ट्रॉलरविरुद्ध रस्त्यावर उतरले, ते किनाऱ्याजवळच्या याच पाण्यासाठी... अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. बरं, ते राहिलं. पद्धती सांगतो, जरा धावतच.

माळ तयार मिळते, दुकानात ‘साबिकी’ म्हणून मागा. गरी बारीक हवी, आठ-दहा नंबरच्या आसपासची; नंबर वाढला की गरी लहान होते, हे लक्षात ठेवा. गरीवर माशाच्या कातड्याची पातळ पट्टी किंवा पांढरा धागा पुरे; बांगड्याला तो बारीक जीवच वाटतो. रंगांवर भांडू नका, खोलीवर भांडा. घोळका कधी वर असतो, कधी खाली, म्हणून दोर वाव-वाव (पसरलेल्या दोन हातांएवढा) सोडत जा आणि पहिला बांगडा ज्या वावेला लागला तिथे दोराला खूण करा. शिसं एवढंच जड ठेवा की पाण्याच्या ओढीतही दोर उभा राहील. झटके नकोत, होडीचं हलणं पुरतं. एक लागला म्हणून लगेच खेचू नका. तो धडपडतो, धागे हलतात आणि बाकीच्या गऱ्याही भरतात. वर घेताना दोर एकसारखा ओढा. त्याचे ओठ मऊ असतात, हिसका दिलात की फाटतात.

चारा टाकायचा तर तारल्यांचा अगदी बारीक चुरा, मूठमूठ. तुकडे टाकलेत तर भलतेच पाहुणे येतील. वेळ पहाटेची किंवा दिवेलागणीची, हंगाम पावसाळ्यानंतरचा. दिवा लावू का, हे कोणीतरी विचारणारच. दिव्याखाली बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे बांगडा येतो, हे खरं. पण एलईडीच्या झोतात मासे धरायला केंद्राने २०१७ साली बंदी घातली आहे, तेव्हा तो मोह नको.

आणि बर्फ आधी होडीत चढवा, माणसं नंतर. बांगडा उन्हात पडला की त्याच्या मांसात हिस्टामीन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, आणि बदनाम होते ती हुमण, म्हणजे माशाची आमटी, करणारी.